लांजेवारांची थांबणरेषा

घर घेणे ही घाईने करण्याची बाब नव्हे, याबद्दल ज्यांना अद्याप घर मिळालेले नाही अशा सर्व विचारवंतांचे एकमत आहे. ज्यांना घर मिळाले त्यांचे मत विचारात घेता येत नाही; ते गळती, गिलावा आणि शेजारी यांत गुंतलेले असतात आणि त्यांना विचार करायला सवड नसते.

भिलाईत या विषयाला संस्थात्मक रूप आले ते १९८६ च्या एप्रिलात. इस्पात व रेल सेवक सहकारी गृहनिर्माण संस्था, मर्यादित (मर्यादा कशाची, ते उपविधीत नमूद नाही), हिने हुडको वसाहतीच्या पलीकडे, स्मृति नगरच्या अंगाला साठ घरांची योजना काढली आणि एक्केचाळीस सभासदांना एकेक 'निवडपत्र' दिले. सभासद बहुतेक भंडारा-गोंदियाकडचे, कारखान्यात किंवा दुर्गच्या रेल्वेत नोकरीला, आणि कोणत्याही कागदाकडे आदराने पाहणारे.

निवडपत्राची योजना खरोखर उदार होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संस्था एक तयार घर दाखवणार. सभासदाने सात दिवसांत छापील अर्जावर 'घेतो' किंवा 'पुढचे' यांपैकी एकावर खूण करायची. घर कोणतेही असो आणि कधीही घेतलेले असो, किंमत ८६ सालचीच, अडतीस हजार. 'पुढचे' म्हटलेले घर पुन्हा मिळणार नाही. पत्र ३१ मार्च १९९१ पर्यंत जिवंत; शेवटच्या घरासाठी खूणही त्या दिवसापर्यंत चालेल. त्यानंतर तो नुसता कागद (कागद म्हणून त्याचा वापर करण्यास संस्थेची हरकत नाही). शेवटी बारीक टाइपात असेही होते की, सर्व सभासदांनी सोडलेले घर संस्था खुल्या बाजारात, चालू भावाने विकेल. संस्थेचे सचिव भाऊराव निखाडे यांनी पहिल्या सभेत सगळ्या अटी खड्या आवाजात वाचून दाखवल्या. ही शेवटची वाचताना त्यांना खोकला आला.

एक्केचाळीस सभासदांपैकी पत्र पूर्ण वाचणारा माणूस एकच निघाला. ते तेजराम लांजेवार.

तेजराम रेल मिलच्या आकडेवारी विभागात वरिष्ठ सहायक होते. रोज किती रूळ निघाले ते मोजणे हे या विभागाचे काम नव्हते. दुसऱ्यांनी मोजलेल्या रुळांची सरासरी काढणे हे होते. नागपूरहून त्यांनी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले होते आणि त्या पदवीला शोभेल असा प्रश्न अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांच्या टेबलावर आला नव्हता. सेक्टर १० मधल्या क्वार्टरमध्ये ते, पत्नी कमलिनी आणि अकरा वर्षांची जया राहत. त्या क्वार्टरचा ओटा कोण्या उंच माणसाला समोर उभा करून बांधला असावा. कमलिनी बुटकी. ती पाटावर उभी राहून स्वयंपाक करायची. डबा घ्यायला उतरायची, फोडणीला चढायची. एका रविवारी बसल्या बसल्या तेजरामांनी मोजले होते: दिवसाला चाळीस चढ-उतार. (सरासरी. सणावारी जास्त.)

तेजरामांना जो शोध लागला तो असा, की निवडपत्राने घर घेण्याचा हक्क दिला आहे, सक्ती केलेली नाही. आणि हक्क वापरला की तो संपतो. म्हणजे घर घेणे ही खरे तर एक मौल्यवान हक्क खर्चून टाकण्याची क्रिया आहे.

त्याच सुमारास कारखान्याच्या ग्रंथालयात चुकीच्या पत्त्यावर एक परदेशी गणिताचे नियतकालिक येऊ लागले. ग्रंथपालाने ते परत पाठवायचे ठरवले होते. पण योग्य वेळ साधत नव्हती. तेजरामांनी ते उघडले आणि थांबण्याचे एक अख्खे शास्त्र आहे हे त्यांना कळले. एकामागून एक येणाऱ्या वस्तूंपैकी, मागे वळता येत नसताना, कुठे थांबावे? उत्तर स्वच्छ होते. एकूण संख्येला दोन पूर्णांक सातशे अठरा सहस्रांशाने भागायचे. जे उत्तर येईल तितक्या वस्तू नुसत्या पाहून सोडायच्या. त्यानंतर आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस अशी जी पहिली येईल ती डोळे मिटून घ्यायची. साठाला भागल्यावर बावीस आले.

"पहिली बावीस घरं फक्त पाह्याची," त्यांनी जेवताना जाहीर केले. "घ्याची नाई."

"पसंत पडलं तरी?" कमलिनीने विचारले.

"पसंत पडलं तर तो नमुना समजाचा वं. नमुना कोनी विकत घेते का?"

जूनच्या पहिल्या रविवारी तिसरे घर आले. ठेकेदार प्रत्येक घर हाताशी उरलेल्या मालातून बांधत असल्याने कोणतीही दोन घरे सारखी नव्हती, आणि तिसऱ्याच्या वेळी त्याच्याकडे कशी कोण जाणे सगळेच चांगले उरले होते. पूर्वेला व्हरांडा, अंगणात मुनग्याचे म्हणजे शेवग्याचे झाड, स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. कमलिनी सरळ ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. हात टेकले. कोपरे बरोबर बसली.

"अवो, हे माह्या मापाचं हाये," ती म्हणाली.

तेजरामांनाही ते घर फार आवडले. म्हणूनच त्यांच्या मनात शास्त्राविषयी आदर दाटून आला. एवढे चांगले घर सोडायला सांगण्याचे धैर्य दुसऱ्या कोणत्या शास्त्रात आहे? त्यांनी नोंदवहीत लिहिले, 'नमुना क्र. ३. उत्कृष्ट. नाकारला.' इतर चाळीस सभासदांनीही ते नाकारले, कारण ज्या घराला एम.एस्सी. झालेला माणूस नाही म्हणतो त्यात काही तरी असणार. मग ते खुल्या विक्रीत गेले आणि कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर काम करणारे दयाराम साहू यांनी गावाकडची जमीन विकून अर्ध्या तासात घेतले. ते ना सभासद होते ना अभ्यासू. त्यांनी व्हरांडा पाहिला नाही, दिशा पाहिली नाही, नळ मात्र सोडून पाहिला.

"नल म पानी आवत हे," दयाराम भाऊरावांना छत्तीसगढीत म्हणाले, "अउ का देखबो?"

अशा माणसांमुळेच देशात गणित मागे पडले आहे, असे तेजरामांचे मत झाले.

बावीस घरे झाली. तेविसावे आले, चोविसावे आले. नियमाप्रमाणे आता तिसऱ्यापेक्षा सरस घराची वाट पाहायची होती, आणि तिसऱ्यापेक्षा सरस घर येईना. एकतिसावे त्याच्या बरोबरीचे होते. पण शास्त्र 'सरस' म्हणते, 'बरोबरीचे' म्हणत नाही. नेमके सर्वांत चांगले घर पहिल्या बावीसांत येऊन गेले तर काय, या प्रश्नाला शास्त्राचे उत्तर होते की मग शेवटचे घ्यावे लागते. पण तसे सरासरीने शंभरातल्या सदतीस जणांचेच होते. उरलेल्या त्रेसष्टांच्या जोरावर तेजराम शांत झोपत.

दरम्यान त्या नियतकालिकाचे पुढचे अंक आले आणि तेजराम दुसऱ्या, अधिक उंच पायरीवर गेले. बाजारात घरांचे भाव चढत होते, पत्रातली किंमत अडतीस हजारच होती. म्हणजे महत्त्वाचे घर नव्हतेच, महत्त्वाचे पत्र होते. पत्राचे मोल दोन भागांचे असते, हे त्यांना समजले. एक, आज घर घेतले तर होणारा फायदा. दोन, आज न घेतल्यामुळे शिल्लक राहणारी आशा. पहिल्याला मोजमाप असते. दुसऱ्याला नसते, म्हणून तो नेहमी मोठा निघतो.

मग त्यांनी मोठ्या आलेख-कागदावर रेषा काढली. आडवे महिने, उभा घराचा चांगुलपणा. घर रेषेच्या वर आले तर घ्यायचे, खाली राहिले तर थांबायचे. हिला त्यांनी 'थांबणरेषा' असे नाव दिले. रेषा काढण्याचे काम त्यांच्याकडेच असल्यामुळे तीन वर्षांत एकही घर तिच्या वर आले नाही.

संस्थेला याचा केवढा अभिमान! भाऊरावांनी रेषेच्या प्रती काढून सर्व सभासदांना मोफत वाटल्या. १९८९ च्या वार्षिक अहवालात म्हटले आहे: 'योजनेस तीन वर्षे पूर्ण. दाखवलेली घरे छत्तीस. सभासदांनी घेतलेली घरे शून्य. घाई शून्य. पश्चात्ताप शून्य. संस्थेचा निधी पाचपट.' त्या सभेत तेजरामांना शाल आणि नारळ देण्यात आला. भाऊराव भाषणात म्हणाले, "घर तं कोनीबी देते जी. आमच्या संस्थेनं सभासदाले विचार देल्ला." टाळ्या थांबवण्याची योग्य वेळ कोणालाच ठरवता येईना, त्यामुळे त्या बराच वेळ चालल्या.

गावात लोक सल्ल्याला येऊ लागले. छपाईची, पायाने चालणारी ट्रेडल मशीन घ्यावी की मोटारवाली निघेपर्यंत थांबावे. मुलाने आयटीआयला जावे की आणखी एकदा इंजिनियरिंगची परीक्षा द्यावी. दुखरी दाढ या पावसाळ्यात काढावी की पुढच्या. तेजराम सर्वांना कागदावर रेषा काढून देत. दाढवाल्या गृहस्थांची दाढ शेवटी आपली आपण पडली, ही सर्वांत यशस्वी केस म्हणून नोंदवलेली आहे.

एका संध्याकाळी कमलिनी भिंतीवरल्या आलेखापुढे उभी राहिली. हाताला कणीक होती.

"याच्यात थांबल्याचं नुकसान कुटी दाखवलं?"

"थांबल्यानं नुकसान होतच नाई," तेजराम उत्साहाने खुर्चीतून उठले. "हेच तं त्याच्यातलं सौंदर्य हाये. पत्र जितकं जगंल तितकं मोल."

"आन् मधातली वर्सं?"

"कोनती मधातली वर्सं?"

"ज्या वर्सांत आपून त्या घरात राह्यलो असतो. त्याचा रकाना कुटी हाये?"

तसा रकाना शास्त्रात होता. नियतकालिकाच्या एका अंकात त्यावर अख्खे प्रकरण होते: शेअर जवळ असला तर दर साल लाभांश मिळतो, नुसता हक्क जवळ असला तर मिळत नाही, म्हणून जिथे लाभांश आहे तिथे फार थांबू नये. ते प्रकरण तेजरामांनी वगळले होते. घर काय लाभांश देते? त्या संध्याकाळी त्यांनी तीन पेन्सिलींना टोक केले, आलेखाच्या कोपऱ्यात 'लाभांश' असा रकाना आखला आणि बराच वेळ विचार करून त्यात शून्य लिहिले. त्यांच्यापाशी तेव्हा दुसरा आकडा नव्हता. पण त्या दिवशी पोळ्या होईपर्यंत ते स्वयंपाकघराकडे गेले नाहीत.

१९९० च्या जानेवारीत शेहेचाळिसावे घर आले. त्या रविवारी तेजराम दुर्गला रेल्वेवाल्यांपुढे 'थांबावे कसे' या विषयावर व्याख्यान देत होते. (व्याख्यान नियोजित वेळेपेक्षा दीड तास लांबले.) कमलिनी जयाला घेऊन एकटीच घर पाहायला गेली. ते घर काही खास नव्हते. तेजरामांच्या यादीत ते बारावे बसले असते. बैठक लहान, मागच्या भिंतीपलीकडून मालगाडी जायची, दाराची कडी दोनदा ओढल्याशिवाय लागत नव्हती, आणि ओटा क्वार्टरसारखाच उंच. कमलिनीने सगळे पाहिले आणि ती तशीच संस्थेच्या कचेरीत गेली.

अर्ज पती-पत्नींच्या जोडनावाने होते आणि कोणा एकाची सही चालत असे. (बायकांनी सही करावी असा हेतू नव्हता, पुरुष पाळीत असल्यास अडचण नको म्हणून.) भाऊरावांनी चष्मा वर केला.

"वहिनी, तेजरामजीले इचारलं का?"

"चार वर्सं त्यायलेच इचारून राह्यली."

"तसं नाई जी. पन चौदा महिने बाकी हायेत. एवढ्या अभ्यासानंतर एकदम असं..."

"भाऊजी, कागद द्या."

छापील अर्जावर 'घेतो' होते. कमलिनीने टाकाच्या एका रेघेने त्यातला काना खोडला. 'घेते' झाले. पुढे सही केली. चार वर्षांत त्या रकान्यात पडलेली ती पहिली खूण होती, आणि ती कोणत्या फायलीत लावायची हे कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हते.

रात्रीच्या जेवणाआधी तेजरामांना कळले. त्यांचा आवाज तीन क्वार्टरांपर्यंत गेला.

"जित्या पत्राचा गळा घोटला तुनं! चौदा महिने! आन् घेतलं तं काय घेतलं, बारा नंबरचं!"

कमलिनीने ताटे मांडली. जया बोलली. ती आता पंधरा वर्षांची होती आणि रागावली की हिंदीत रागावायची.

"बाबा, आपके चौदा महीने बाकी थे और मेरे दो साल. फिर मैं कॉलेज चली जाऊँगी. आप घर किसके लिए ढूँढ रहे हो?"

तेजरामांनी आलेखावरचे उरलेले चौदा महिने पुन्हा मोजले.

कर्ज चार वर्षांपूर्वीच मंजूर होऊन पडले होते. फेब्रुवारीत किल्ली आली. कमलिनीने पहिल्याच दिवशी चंपत मिस्त्रीला बोलावले आणि ओट्याकडे बोट दाखवले.

"दोन विटा खाली घ्या."

"कोरा ओटा फोडता का बाई? कावून?"

"कोरा हाये म्हनूनच. जुना झाल्यावर सवय लागते."

चंपतने तिला उभे केले, कोपराला दोरी लावली आणि ओटा खाली घेतला. दोन दिवसांचे काम होते. मग ती आणि जया सामान घेऊन गेल्या. निघताना ती तेजरामांना म्हणाली, "तुमी केवाबी या. आज या, उद्या या, सा महिन्यानं या. दार उघडंच हाये."

तिने हे मायेने म्हटले. पण शास्त्राच्या भाषेत तिने त्यांच्या हाती काय दिले, याची तिला कल्पना नव्हती. कोणत्याही दिवशी वापरता येईल असा हक्क. मोबदला काही नाही. आणि शेवटची तारीख नाही. अशा हक्काविषयी ते नियतकालिक अगदी निःसंदिग्ध होते. लाभांश शून्य असेल आणि मुदत अनंत असेल, तर तो हक्क कधीही वापरू नये.

म्हणून तेजराम सेक्टर १० मध्येच राहिले. क्वार्टरमध्ये ते होते, आलेख होता आणि एक पाट होता. दुपारी कॅन्टीनमध्ये जेवत, संध्याकाळी भात आणि कालचे वरण. दर रविवारी मात्र ते सायकलवरून घर क्रमांक शेहेचाळीसला निरीक्षणासाठी जात. असे अकरा रविवार गेले. भाऊरावांनी त्यांच्या निर्धाराची अहवालात नोंद घ्यायचे ठरवले.

अकराव्या रविवारी ते बैठकीत चहाची वाट पाहत बसले होते. आतून कमलिनी दिसत होती. जुन्या सवयीने त्यांनी मोजायला घेतले. तिने डबा काढला, फोडणी टाकली, पीठ घेतले, पाणी घेतले. आकडा पुढे सरकेना. ती चढतही नव्हती, उतरतही नव्हती. जमिनीवर उभी राहून, मालगाडीच्या आवाजाच्या वर आवाज काढून ती जयाशी कशावरून तरी हसत होती.

तेजराम आकडेवारी विभागातले. गुणाकार त्यांनी थांबवायचा म्हटला तरी थांबला नसता. तिसऱ्या घरापासून या घरापर्यंत तेराशे सोळा दिवस. गुणिले चाळीस. बावन्न हजार सहाशे चाळीस. एवढा आकडा त्यांनी शून्य म्हणून लिहिला होता. त्यांनी चहाच्या कपाकडे हात नेला. चहा अजून आलेला नव्हता.

बाहेर फाटकाशी ओमप्रकाश पेंटर पाटी रंगवत होता. 'सौ. कमलिनी' एवढे झाले होते. त्याने खिडकीतून डोके आत घातले.

"भाईसाहब, एक नाम लिखूँ कि दो? जल्दी बोलिए, ब्रश सूख रहा है."

तेजरामांनी खिशाला हात लावला. पेन्सिल होती, कागद नव्हता.

"दो," ते म्हणाले.

आयुष्यात प्रथमच त्यांनी एखादा निर्णय ब्रश वाळण्याच्या आत घेतला होता. जागा कमी उरली असल्यामुळे 'तेजराम' थोडे बारीक अक्षरात बसले. कमलिनीने आतून ऐकले. ती चहा घेऊन आली, पाटीकडे पाहिले आणि म्हणाली, "उद्या येताना गादी आना. इथं दोनच हायेत."

ते गादी घेऊन आले. कडी दोनदा ओढून लावायला शिकले. मालगाडीचे डबे मोजू लागले, पण त्यांची सरासरी काढली नाही.

उरलेल्या चाळीस सभासदांनी मात्र शास्त्र सोडले नाही. रेषा त्यांच्याकडे होती, आणि ती म्हणत होती की पत्र शेवटच्या दिवसापर्यंत जगवावे. ३१ मार्च १९९१ रोजी ते सगळे आपापली पत्रे घेऊन कचेरीवर गेले. त्या दिवशी रविवार होता, आणि कचेरी फक्त पहिल्या, घर दाखवायच्या रविवारी उघडत असे. कचेरीला कुलूप होते. सोमवारी भाऊरावांनी जड अंतःकरणाने सांगितले की मुदत संपली. साठावे घर खुल्या विक्रीत गेले. अहवालात नोंद आहे: 'सभासदांनी अंतिम क्षणापर्यंत शास्त्रशुद्ध प्रतीक्षा केली. हा देशातील विक्रम असावा.' याविरुद्ध दाद मागावी असे सभासदांनी एकमताने ठरवले असून, दाद मागायला सर्वांत अनुकूल वेळ कोणती याचा अभ्यास करायला उपसमिती नेमली आहे.

वाचकहो, आपण या चाळीस जणांना हसलात, हे संस्थेच्या कानी आले आहे. संस्था रागावलेली नाही. आपल्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात सहा कपांचा एक सेट आहे. तो आपल्या लग्नात आला. त्यातून आजवर कोणी चहा प्यालेले नाही, कारण त्या तोलाचा पाहुणा अजून यायचा आहे. घरच्या माणसांना आपण त्यात धरलेले नाही, हेही अगदी शास्त्राला धरूनच आहे. अशा अभ्यासू माणसांची संस्थेला फार गरज असते. लांजेवार दांपत्यामुळे एक जागा रिकामी झाली आहे. ती आपल्या नावे राखून ठेवली आहे. घाई नाही.